पाव घरी भाजावा की विकत आणावा?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. मुकुंदवाडी असो, भीमनगर-भावसिंगपुरा असो की उस्मानपुरा, मुलींच्या हातातल्या मोबाईलवर घरच्या घरी मऊ, फुगलेला पाव भाजणाऱ्या बायका दिसतात. मग मुलगी आईला म्हणते, "आई, आपणही ओव्हन घेऊ. बेकरीचा पाव कशाला आणायचा? घरचा स्वस्त पडतो आणि चांगलाही असतो." आई वडिलांकडे पाहते आणि वडील महिनाअखेरच्या तारखेकडे.

महिला मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला. दोन तट पडले. एक म्हणे, घरचे ते घरचे. दुसरा म्हणे, बेकरीवाला पहाटे तीनला उठून भाजतो, ते काम आपण कशाला अंगावर घ्यायचे? वाद रंगला, पण हिशेब कोणी मांडला नाही. आमचा जन्म कारकुनीत गेला. हिशेबाशिवाय ठराव करणे आम्हाला जमत नाही. म्हणून आज हा साधा वाटणारा विषय आम्ही वहीवर घेतला आहे.

पावाचा प्रवास

पाव हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पांव' या शब्दावरून आपल्याकडे आला. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, ही ऐकीव गोष्ट खरी नव्हे. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा कणीक फुगवायला त्यांच्या सवयीचे खमीर इथे मिळेना, म्हणून माडाची ताडी वापरली गेली. गोव्याचे पाववाले पुढे मुंबईत आले, इराण्यांनी बेकऱ्या काढल्या आणि गिरणी कामगाराच्या चहाबरोबर पाव आला.

पण या पावामागे जातीचाही इतिहास आहे, तो आपल्या मुलांना ठाऊक हवा. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. एवढ्याने माणूस बाटतो अशी तेव्हा समजूत होती, म्हणून हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. पावाचा एक तुकडा खाल्ल्याचे उघड होईल या भीतीने शिकलेसवरलेले लोक घाबरले, इतकी जात तेव्हा ताटात बसलेली होती.

आपल्या शहराची स्वतःचीही एक भट्टीची भाकर आहे, ती म्हणजे नान. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लष्कराबरोबर नान-खलिया इकडे आला असे शहरात सांगतात. यात आमच्या विषयाला उपयोगी अशी एक गोष्ट आहे. खलिया घरी शिजतो, पण नान सहसा घरी भाजत नाहीत. लग्न असो की ईद, नान भट्टीवर सांगून आणला जातो. खमिराची भाकर हे भट्टीचे काम, घरच्या चुलीचे नव्हे, हे जुन्या शहरातल्या गृहिणींनी कधीच ठरवून टाकले आहे.

काप केलेला, कागदात गुंडाळलेला ब्रेड सामान्य माणसाच्या घरी आला त्यात सरकारचाही हात होता. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. जीवनसत्त्वे घातलेला ब्रेड शहराशहरांत मिळू लागला. आपल्याकडे मात्र बरीच वर्षे ब्रेड म्हणजे आजाऱ्याचे अन्न होते. दवाखान्यात कोणाला भेटायला जायचे तर दूध, ब्रेड आणि मोसंबी न्यायची. सरकारी कारखाना म्हणजे राखीव जागांची नोकरी, हेही आपल्या लेखी महत्त्वाचे. जानेवारी २००० मध्ये सरकारने या कंपनीचे ७४ टक्के भाग हिंदुस्थान लिव्हरला विकले आणि ब्रेड पूर्णपणे बाजाराचा झाला.

आता वही उघडू

भाव गल्लोगल्ली वेगळे असतात आणि दर महिन्याला बदलतात. म्हणून खालचे भाव समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या दुकानाचे भाव घालून बेरीज करावी. पद्धत मात्र हीच ठेवावी.

अर्धा किलो मैद्याला साधारण ३०० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट, २० ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम तेल लागते. एवढ्यात ८६० ग्रॅम कणीक होते. बेकरीच्या मापाचे १६ पाव त्यात बसतात.

मैदा ४५ रुपये किलो धरला तर अर्ध्या किलोचे २२ रुपये ५० पैसे. तेलाचे ४ रुपये. यीस्ट लहान पाकिटात महाग पडते, त्याचे ८ रुपये. साखर-मिठाचा दीड रुपया. ओव्हन तापवायला आणि दोन खेपांत पाव भाजायला मिळून वीज एक युनिटच्या आसपास जाते, तिचे १० रुपये धरू. बेरीज झाली ४६ रुपये, म्हणजे एका पावाला २ रुपये ८८ पैसे.

बेकरीचा पाव ४ रुपयांना धरला तर १६ पावांचे ६४ रुपये. बचत १८ रुपये. मोबाईलवरच्या बाई म्हणतात ते खोटे नाही, घरचा पाव स्वस्त पडतो. पण त्यांची वही इथे बंद होते. आपली बंद होत नाही.

पहिली राहिलेली नोंद ओव्हनची. लहानसा ओव्हन ५,००० रुपयांचा धरला, तर १८ रुपयांच्या बचतीने तो फेडायला २७८ वेळा पाव भाजावा लागेल. आठवड्यातून दोनदा भाजला तरी अडीच वर्षांहून जास्त काळ जातो. तेवढ्यात तो बिघडला तर दुरुस्ती वेगळी. हप्त्याने घेतला तर व्याज वेगळे. वाण्याची उधारी अजून फिटलेली नसताना ५,००० रुपये अशा ठिकाणी अडकवणे आमच्या मते शहाणपणाचे नाही.

न लिहिलेली नोंद

दुसरी नोंद याहून मोठी आहे, आणि ती कोणीच लिहीत नाही. ती म्हणजे बाईचे हात.

पाव करायला एकूण तीन तास लागतात. त्यातला बराच वेळ कणीक आपोआप फुगत असते हे खरे. तरीही मोजणे, दहा-बारा मिनिटे मळणे, गोळे करणे, ओव्हनवर लक्ष ठेवणे, परात आणि पत्रे घासणे यात तासभर जातोच. त्या एका तासाची मिळकत किती? अठरा रुपये.

हे अठरा रुपये कशाशी ताडून पाहायचे? २०२५-२६ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आई-आज्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली आणि पुढे देशाने ती उचलली. त्या हमीच्या कामावरची मजुरीसुद्धा घरच्या पावाच्या तासापेक्षा दुप्पट भरते. मग तो पाव स्वस्त कसा? बाईचा तास फुकट धरला म्हणून तो स्वस्त दिसतो.

कोणी म्हणेल, घरातल्या कामाला मजुरी कशी लावता? आम्ही मजुरी मागत नाही, नोंद मागतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात असे तिच्यात आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटे ८८. पावणेपाच तास विरुद्ध दीड तास. ज्या बाईच्या वहीत आधीच पावणेपाच तास चढलेले आहेत, तिच्या नावावर आणखी एक तास लिहिण्यापूर्वी घराने विचार करायला नको का?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात आठ तासांनी भोंगा होतो आणि आपण सायकल काढतो, त्याच्या मागे हा इतिहास आहे. स्वयंपाकघरात मात्र भोंगा होत नाही. कारखान्यातून सुटलेली बाई घरी आली की तिची दुसरी पाळी सुरू होते.

भाकरीचा हिशेब उलटा येतो

हाच हिशेब भाकरीला लावून पाहिला तर गंमत होते.

चार माणसांच्या घरात एका वेळेला आठ भाकरी धरू. एका भाकरीला ७५ ग्रॅमप्रमाणे ६०० ग्रॅम ज्वारीचे पीठ. दळणासह ५० रुपये किलो धरले तर ३० रुपये. गॅसचे ७ रुपये. एकूण ३७ रुपये. त्याच आठ भाकरी पोळी-भाकरी केंद्रातून १५ रुपयांप्रमाणे आणल्या तर १२० रुपये होतात. बचत ८३ रुपये. मळणे, थापणे, भाजणे आणि आवरणे मिळून ५० मिनिटे लागतात, म्हणजे तासाला सुमारे १०० रुपये पडले. पावाच्या तासाच्या पाचपटीहून जास्त.

भाकरीच्या जागी पाव ठेवला तरी चार माणसांना प्रत्येकी चार म्हणजे १६ पाव लागतात. ते झाले ६४ रुपये. भाकरी ३७ रुपयांत पोट भरते आणि दुपारपर्यंत भूक लागू देत नाही.

असे का होते? कारण पाव हे मोठ्या भट्टीचे काम आहे. भट्टी एकदा तापली की तिच्यात शेकड्याने पाव निघतात, म्हणून एका पावाला जळण आणि मजुरी फार थोडी पडते. घरच्या ओव्हनला सोळा पावांसाठीही तेवढेच तापावे लागते. भाकरीचे तसे नाही. ती एकेक करूनच थापावी लागते, केंद्रातही आणि घरातही. तिथल्या बाईची मजुरी भाकरीच्या भावात दिसते, आपल्या घरातल्या बाईची दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

धान्याचाही गुण वेगळा आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्याला चिवट ताण येतो. खमिराचा वायू त्या ताणात अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत तो चिवटपणा नाही. म्हणून आपल्या आया पिठात आधणाचे पाणी घालतात. गरम पाण्याने पिठातले सत्त्व चिकट होते आणि भाकरी थापता येते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी कडेला चिरते. म्हणून ज्वारीचे दळण थोडे थोडे, आठ-दहा दिवसांचेच आणावे. शाळेत न गेलेल्या आजीला हे शास्त्र हाताला ठाऊक होते.

अंगाला लागण्याच्या बाबतीतही भाकरी पुढे आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, मैद्यात पावणेतीन ग्रॅम. मैदा करताना कोंडा आणि त्याबरोबर बरेच सत्त्व निघून जाते. साखरेचा आजार आता आपल्या वस्त्यांतही घरोघर दिसतो. रोज सकाळी चहा-पाव, दुपारी वडा-पाव आणि रात्री पाव-भाजी असे ज्या घरात चालते, त्या घराने यावर जरूर विचार करावा.

बाजारच्या पावात काय असते?

घरी पाव करणाऱ्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा हाच असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने तिथल्या ब्रेड-पावाचे ३८ नमुने तपासले. त्यातल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा पोटॅशियम आयोडेट सापडले. पाव जास्त फुगावा आणि पांढरा दिसावा म्हणून ही द्रव्ये पिठात घालत. ब्रोमेटने कर्करोगाचा धोका संभवतो असे जागतिक पातळीवर आधीच सांगितले गेले होते. जून २०१६ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच्या वापरावर बंदी घातली.

बंदी झाली म्हणजे डोळे मिटावेत असे नाही. पाकीटबंद ब्रेड घेताना त्यावरची घटकांची यादी आणि तारीख वाचावी. 'गव्हाचा ब्रेड' असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते आणि मागे बारीक अक्षरात पहिले नाव मैद्याचे असते. यादीत जे आधी, ते जास्त. तपकिरी रंग दिसला म्हणजे कोंडा आहे असे समजू नये, तो रंग जळक्या साखरेनेही येतो. सुटा पाव घेताना बेकरी स्वच्छ आहे का, पाव त्याच दिवसाचा आहे का हे विचारावे. पैसे देणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो. आपली मुले शिकली, त्या शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे.

तरीही करायचा असेल तर

हौसेला मोल नाही हे आम्हालाही कळते. सुट्टीच्या दिवशी सगळे घर मिळून पाव करत असेल, मुलांना त्यातले शास्त्र दिसत असेल, तर तो तास वाया गेला असे कोण म्हणेल? किंवा घरात कोणाला मैदा वर्ज्य असेल आणि खात्रीचा गव्हाचा पाव हवा असेल, तरीही घरी करणे योग्य. अशांसाठी चार गोष्टी सांगतो.

ओव्हन विकत घेऊ नये. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर घालून, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून मंद आचेवर पाव भाजता येतो. कुकर वापरल्यास शिट्टी आणि रबर काढलेच पाहिजे, आणि आत पाणी घालू नये. पातेले आधी दहा मिनिटे तापवावे, मग ३५ ते ४० मिनिटांत पाव होतो. वरून रंग कमी येईल, चव तीच राहील.

पाणी बोटाला कोमट लागेल इतकेच असावे. कढत पाण्याने यीस्ट मरते. मे महिन्यात आपल्याकडे कणीक पाऊण तासात दुप्पट होते, डिसेंबरच्या थंडीत दोन तासही लागतात. म्हणून घड्याळाकडे न पाहता कणकेकडे पाहावे.

नुसत्या गव्हाच्या पिठाचा पाव दडस होतो, कारण कोंडा कणकेचा ताण तोडतो. आरंभी निम्मे पीठ, निम्मा मैदा घ्यावा आणि पाणी थोडे वाढवावे. हात बसल्यावर मैदा कमी करत जावे.

चौथी गोष्ट म्हणजे मळण्याचे काम घरातल्या तरण्या मुलाकडे द्यावे. जिममध्ये दंड कमावण्यापेक्षा परातीत कमवावेत. घराला उपयोग होतो.

भाकर मागण्याची आणि भाकर कमावण्याची

आपल्या समाजात भाकरीचा विषय नुसत्या पोटाचा कधीच नव्हता. गावकीची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार जाऊन शिळे तुकडे गोळा करायचे, हे आपल्या वाडवडिलांच्या नशिबी आलेले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी जमलेल्या लोकांना बजावले की फेकलेले उष्टे तुकडे खाणार नाही असा निर्धार करा. चवदार तळ्याचे पाणी आणि उष्ट्या तुकड्यांचा त्याग, या दोन्ही गोष्टी एकाच परिषदेच्या आहेत. पाणी सगळ्यांच्या लक्षात राहिले, तुकडे विसरू नयेत.

तेव्हा आपल्या घरात स्वतःच्या पैशाच्या ज्वारीची भाकरी तव्यावर फुगते, ती साधी गोष्ट नाही. त्याचप्रमाणे बेकरीत नाणे टाकून, मान वर ठेवून घेतलेला ताजा पाव हीही साधी गोष्ट नाही. दोन्ही कमाईच्या भाकरी आहेत. विकतचा पाव आणला म्हणून कोणा सुनेला आळशी म्हणू नये.

बाबासाहेब १९२० नंतर लंडनमध्ये शिकत होते, तेव्हाची त्यांची न्याहारी धनंजय कीर यांच्या चरित्रात वाचायला मिळते. पावाचे काप आणि चहा यांवर सकाळ, भाजलेल्या पापडांवर रात्र. बाकीचा सगळा वेळ ग्रंथालयात. पोटाला आधार विकतच्या पावाचा आणि तास अभ्यासाला, असा तो हिशेब होता. ज्या घरात आईची पहिली पाळी आणि मुलीची दहावी एकाच वर्षी आली आहे, त्या घराने पहाटे पाव विकत आणून मुलीला पुस्तकासमोर बसवावे. तो खर्च नव्हे, ती ठेव आहे. मुलगा टीव्हीपुढे आणि मुलगी तव्यापुढे, हे चित्र नागसेनवन ज्यांनी उभे केले त्यांच्या अनुयायांच्या घरात शोभत नाही.

दोन हात आणखी आहेत

भाकरी घरी करणे परवडते असे आम्ही वर म्हटले. पण कोणाच्या हाताने? रोज एकटीच पहाटे पाचला उठून आठ भाकरी थापत असेल, तर परवडते ते इतरांना, तिला नव्हे.

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. पतीची पाच कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. पत्नीचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, तिला दागिना द्यावा. मान राखणे म्हणजे विहारात तिच्यासाठी खुर्ची ठेवणे एवढेच नव्हे. ती थापत असेल तर आपण भाजावे, हाही मानच आहे. थापायला सराव लागतो, भाजायला दोन दिवस पुरतात. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचे, पाणी सुकले की उलटायची, मग आचेवर फुगवायची. एकाने थापले आणि दुसऱ्याने भाजले तर ५० मिनिटांचे काम अर्ध्या तासात होते. बंधूंनो, एकदा करून पाहा. मुलग्यांना तर दहाव्या वर्षापासून शिकवावे. उद्या पुण्या-मुंबईला शिकायला गेले तर उपाशी राहणार नाहीत.

बचत गटाचा मार्ग

एका घरासाठी जो ओव्हन महाग पडतो, तो दहा घरांसाठी पडत नाही, कारण तो रिकामा राहत नाही. बचत गटाने एकत्र येऊन गव्हाचा पाव किंवा तयार भाकरी विकायचे ठरवले, तर बाईचा तास प्रथमच वहीवर येतो आणि त्याला भाव मिळतो. याच उपदेशात तथागतांनी कमाईचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. गटाने हा नियम भिंतीवर लिहावा. अन्न विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ती पहिल्या दिवशीच करावी. आणि भाव ठरवताना मजुरी आधी धरावी, नफा नंतर. घरातली सवय धंद्यात नेऊन स्वतःचे हात पुन्हा फुकट धरू नयेत.

एक अडचण सांगायला हवी. आपल्या हातचे खाणार कोण, ही शंका अनेक भगिनी हळू आवाजात विचारतात. शंका उगीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात सूखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेने रांधलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले, तिला कामावरून काढले गेले, आणि देशभर गवगवा झाल्यावर परत घ्यावे लागले. परमहंस सभेला पावणेदोनशे वर्षे होत आली तरी ताटातली जात पुरती गेलेली नाही. पण शहराच्या बाजारात आज स्वच्छ आणि चवदार वस्तूला गिऱ्हाईक आहे. भीतीने दुकान न उघडणे हा त्यावर उपाय नव्हे.

आमचा निकाल

मग निकाल काय? रोजचा पाव विकत आणावा, पण पाहून, वाचून, विचारून आणावा. पावासाठी कर्ज काढून ओव्हन घेऊ नये. हौसेचा पाव सुट्टीला, सगळ्यांनी मिळून करावा. भाकरी घरी करावी, मात्र चार हातांनी. आणि ज्या दिवशी घरात परीक्षा, आजारपण किंवा दुहेरी पाळी असेल, त्या दिवशी भाकरीही खुशाल विकत आणावी.

कुठलेही घरकाम 'घरच्या घरी स्वस्त' आहे असे कोणी सांगितले की एकच प्रश्न विचारावा, की यात कोणाचा तास धरलेला नाही? या आठवड्यात घरातल्या सर्वांनी बसून वहीचे एक पान त्या तासांसाठी काढावे. रुपयांच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना आखावा आणि प्रत्येक तासापुढे नाव लिहावे. एकच नाव पानभर दिसले, तर भाकरीचा भाव आपण चुकीचा लावला आहे हे घराला आपोआप कळेल.

जयभीम.